तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेम लाल आलीय, ठेवू की उडवू?

महिन्यातून एकदा तरी, आणि अमावास्येच्या आसपास तर हमखास, कोणीतरी मला कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवतं. सगळं गुलाबी-लाल, मधे चार तारे, आणि खाली प्रश्न: आकाशाचे फोटो काढायला कॅमेरा मॉडिफाय करून घेतला, आता प्रत्येक फ्रेम अशीच येतेय, बिघडलाय का हो? आणि एकेक फ्रेम बघून चांगली-वाईट ठरवायची तरी कशी? दर वेळी तुकड्यातुकड्यात सांगतो, आज एकदाच लिहून टाकतो.

बिघडलेला नाहीये, लालच यायला हवी. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढे एक फिल्टर असतो, माणसांचे चेहरे नीट यावेत म्हणून तो लाल टोकाचा बराचसा उजेड कापतो, आणि नेमका तिथेच, ६५६.३ नॅनोमीटरला, तेजोमेघातल्या (वायू-धुळीच्या अवाढव्य ढगातल्या) हायड्रोजनचा उजेड येतो, ज्याला आपण एच-अल्फा म्हणतो. त्यातला साधारण पाव हिस्सा कसाबसा आत पोचतो. मॉडिफाय म्हणजे तो फिल्टर काढणं. कॅननने २००५ साली २०डीए आणि २०१२ साली ६०डीए असे खास आकाशासाठीचे कॅमेरे काढले ते यासाठीच. आता लाल वाढला पण व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगजुळवणी, बिचारा जुन्याच हिशोबाने चालतोय. दिवसा पांढरा कागद दाखवून कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करा, स्क्रीनवरचं चित्र माणसात येईल. रॉ फाईलमधल्या (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतल्या) डेटाला मात्र त्याने काडीचा फरक पडत नाही.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मॉडिफाय केल्यानंतरची पहिलीच रात्र, जानेवारी, ओतूरच्या पुढे ओळखीतल्या एकांचं शेत, माझ्या कॅनन ६००डीला २०० एमएमची लेन्स आणि निशाणा रोझेट तेजोमेघ. काक्षी आणि प्रश्वाच्या मधे, शृंगाश्वात, नुसत्या डोळ्यांना तिथे काही म्हणता काही दिसत नाही पण तेजोमेघ पौर्णिमेच्या चंद्राच्या अडीचपट रुंद आहे. दोन मिनिटांची पहिली फ्रेम आली ती लालभडक, मी घाबरलो, अजून दहा काढून बघितल्या, तेच, मग एक्स्पोजर उतरवत उतरवत वीस सेकंदांवर आणलं तेव्हा कुठे आकाश काळं दिसलं आणि जीव भांड्यात पडला. आधीच्या तिथल्या तिथे डिलीट. घरी येऊन वीस सेकंदवाल्या सगळ्या स्टॅक केल्या (एकावर एक रचून एक चित्र केलं) तर रोझेट होता, पण भिंतीवर ओल उतरावी तसा. डिलीट करताना दोन मिनिटांची एक चुकून राहिली होती, ती आईने लॅपटॉपवर बघितली आणि म्हणाली, "कुंकवाचा करंडा सांडला काय रे?" ती एकटी ताणून बघितली तर पाकळीची कड स्पष्ट. तेव्हा कळलं आपण काय उडवलं ते. कॅमेरा प्रत्येक फ्रेम वाचताना स्वतःची थोडी खरखर घालतोच, आणि एक्स्पोजर फारच छोटं असलं की अंधुक उजेड त्या खरखरीतून डोकं वर काढत नाही.

म्हणून स्क्रीनवरच्या चित्रावर विश्वास नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना ती स्क्रीन तशीही टॉर्चसारखी वाटते. हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड, कुठे किती पिक्सेल याचा आलेख) बघा, तोही तिन्ही रंगांचा वेगवेगळा, कारण लालचा डोंगर उजवीकडे असणारच. तिन्ही डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेले हवेत आणि लाल उजव्या भिंतीला टेकलेला नको, बास.

मग तारे. तेजोमेघाकडे बघायचंच नाही, झूम करून तारे बघायचे. सगळे एकाच दिशेला लांबट असतील तर ट्रॅकिंग (ट्रॅकर या यंत्राने कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणं) किंवा पोलर अलाइनमेंट (त्या यंत्राचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) गंडलंय, आणि आपल्याकडे ते गंडतंच कारण ध्रुव जेमतेम १९ अंशांवर, निम्म्या वेळा डोंगराआड नाहीतर धुरकटात. माझ्या सेटअपमधे एक पिक्सेल म्हणजे साडेचार आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक), आणि रोझेटच्या भागात आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं, म्हणजे ट्रॅकर एक सेकंद अडखळला की तारा तीन पिक्सेल लांब झालाच. मधले गोल आणि कोपऱ्यातलेच ओढल्यासारखे असतील तर तो लेन्सचा स्वभाव, त्यासाठी फ्रेम फेकू नका. आणि ताऱ्यांभोवती लाल फुगवटा असेल तर बहुतेक तुमचा कॅमेरा फुल स्पेक्ट्रम केलाय (सेन्सरपुढचे सगळेच फिल्टर काढलेत), इन्फ्रारेड आत येतंय आणि लेन्स ते बाकीच्या रंगांबरोबर एका जागी फोकस करत नाही. पुढे यूव्ही-आयआर कट फिल्टर (अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारा) लावा. फोकसची खूण जुनी धरू नका, काच बदलली की तीही सरकू शकते, लाइव्ह व्ह्यूत (स्क्रीनवरच्या थेट चित्रात) व्याध दहापट मोठा करून बघा.

सॅटेलाइटची रेघ आली, विमान गेलं, खुशाल ठेवा, फ्रेम पुरेशा असल्या की स्टॅक करताना सिग्मा क्लिपिंग (बाकीच्या फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल वगळणं) ते पुसतं. धूळीचे गोल फ्लॅट्स (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्रेम) घालवतात (माझ्या कॅमेऱ्यात मॉडिफाय करणाऱ्याने काचेमागे एक कण ठेवलाय, त्याच्याशी मी आता संसार करतोय). पातळ ढग मात्र उडवायचा: तारे कमी, उरलेल्यांभोवती वलय आणि मागचं आकाश उजळ.

दव तर एका फ्रेममधे सापडतच नाही. दोन वाजल्यानंतर तारे एकेका फ्रेमगणिक इतके हळू फुगतात की शेजारच्या दोन फ्रेम जुळ्या वाटतात. म्हणून पहिली, मधली आणि शेवटची शेजारी ठेवून बघायची. पटकन कळतं.

आणि उडवताना जीव खालीवर करू नका. स्टॅक केल्यावर खरखर फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते, ६४ फ्रेम असतील तर आठपट, त्यातल्या चार खराब काढल्या तरी पावणेआठपट, काय बिघडलं? पण हे घरी, मोठ्या स्क्रीनवर. शेतात डिलीटच्या बटणाला हातच लावायचा नाही, कार्ड भरलं तर दुसरं घाला.

तेव्हा पुढच्या अमावास्येला स्क्रीनचा फोटो नको, तीन रॉ फाईल पाठवा, पहिली, मधली, शेवटची. आणि लेन्सला दवासाठी हीटर बँड लावला होता की नाही तेही लिहा, नाहीतर मी पहिलं तेच विचारणार.