बर्बन काउंटी स्टाउट : तळघरातल्या बाटल्यांची यंदाची नोंद

मंडळी, चार बाटल्यांची बैठक परवा झाली, चव जिभेवर आहे तोवर टाइप करून टाकतोय. शिकागोच्या गूस आयलंड ब्रूअरीची ही स्टाउट, म्हणजे बर्बन व्हिस्कीच्या बॅरलमध्ये मुरवलेली काळी, कडक बिअर, दरवर्षी ब्लॅक फ्रायडेला (थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी) येते आणि आम्ही शिकागोजवळच राहतो, त्यामुळे त्या दिवशी थंडीत रांग लावणं आमच्याकडे सणासारखंच झालंय. दरवर्षी तीन घेतो, एक लगेच उघडून वहीत लिहायचं, बाकीच्या तळघरात अंधारात उभ्या ठेवायच्या.

परवा २०१८, २०२०, २०२२ आणि २०२३ काढल्या. तासभर आधी फ्रिजबाहेर, पाच जण, ५०० मिलीच्या बाटलीतून प्रत्येकी १०० मिली, ओतायला नवीपासून सुरुवात.

२०२३ अजून तरुण आहे, नाकात बर्बनचा झणका, मग व्हॅनिला, जळकं लाकूड, डार्क चॉकलेट, घशात ऊब. २०२२ तशीच, जरा शांत. खरा फरक २०२० मध्ये, झणका बसलाय आणि त्याच्या जागी काकवी आणि खजूर आलाय, मला तर तीच सगळ्यात आवडली. २०१८ म्हणजे १५.२ टक्के अल्कोहोलवाली, ताजी असताना मी वहीत लिहिलंय "नुसता जाळ, दुसरा घोट सावकाश". आता तीच बाटली भिजवलेल्या काळ्या मनुकांसारखी, शेरी वाइनची झाक, शेवटी सोया सॉससारखा खारटपणा, फेस जवळजवळ नाहीच, ग्लासच्या कडेला बारीक तपकिरी रेघ तेवढी. चॉकलेट मात्र पातळ झालंय, ते मला खटकलं.

आता प्रश्न असा की हा फरक बाटलीत मुरल्याचा की मुळात बॅचच वेगळी? दोन्ही असतं. बर्बनला कायद्यानेच दरवेळी आतून जाळलेलं नवं ओकचं बॅरल लागतं, म्हणून एकदा वापरलेले बॅरल ब्रूअरीला मिळतात, आणि हेवन हिल, बफलो ट्रेस, वाइल्ड टर्की अशा कुठल्या डिस्टिलरीचे किती, हे मिश्रण बदललं की चवही बदलते. शिवाय गोदामात शिकागोचा उन्हाळा बिअरला लाकडात ढकलतो आणि हिवाळा बाहेर ओढतो, सगळी वर्षं सारखी कुठली जाणार. म्हणूनच ताजी पिऊन लिहून ठेवणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं. २०२०च्या पानावर खजुराचा उल्लेखच नाही, नुसतं चॉकलेट आणि व्हॅनिला, म्हणजे खजूर आला तो मुरूनच.

आणखी एक, २०१५च्या काही बॅचमध्ये लॅक्टोबॅसिलस हे आंबवणारे जिवाणू शिरून आंबटपणा आला होता, कंपनीने पैसे परत दिले आणि २०१६ पासून पाश्चरायझेशन सुरू केलं. जुन्या बाटल्या विकत घेणाऱ्यांनी वर्ष बघूनच घ्या.

ठेवण्याबद्दल कळकळीने सांगतो, २०२०चीच एक बाटली माझ्याकडून एक उन्हाळाभर स्वयंपाकघरात फ्रिजच्या वरच्या कपाटात राहिली होती, उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास, फार वाईट वाटलं. तीच बॅच, तेच वर्ष, फक्त जागा वेगळी.

माझं मत, तीन ते पाच वर्षं पुरे. २०१८ची आता एकच उरलीय, दहा वर्षं ठेवायचा बेत होता तो रद्द, येत्या ब्लॅक फ्रायडेला नव्या बाटलीशेजारी ठेवून उघडणार.