घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नवीन सिनेमा लागला की आमच्या बेळगावच्या शहापुरात भेटेल ती बाई मला हेच विचारते, "अक्का, घरच्यांसंगं बघण्यासारखा हाय काय वो?" म्हणजे शिव्या नाहीत ना, सासऱ्यांसमोर मान खाली घालायची पाळी येणार नाही ना. माझं उत्तर तिथंच अडतं. घरच्यांबरोबर बघायचा सिनेमा मी वेगळ्या मापानं मोजते: बघून आल्यावर घरात त्याचा विषय निघतो की नाही?

2023 साली 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा हा प्रश्न कुणीच विचारला नाही. नऊवारी नेसून, गजरे माळून बायका घोळक्यानं थिएटरात गेल्या. सहा बहिणी, त्यांचे रुसवे आणि मंगळागौरीची स्पर्धा. मलाही आवडला. वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी एका पडद्यावर असल्या की दुसरीकडं नजर जात नाही. पण इतक्या वर्षांची बहिणींमधली अढी एका स्पर्धेत सुटते, हे मला पटलं नाही. माझ्या माहितीतल्या बहिणींच्या अढ्या सोसायटीच्या कर्जापेक्षा जास्त टिकतात.

'कांतारा' आम्ही कन्नडमध्येच बघितला, आमच्याकडं दोन्ही भाषा घरात नांदतात. शेवटची वीस मिनिटं अंगावर काटा आला, ऋषभ शेट्टीच्या अंगात खरंच कुणी संचारलंय असं वाटलं. पण त्याच सिनेमात नायक नायिकेच्या कमरेला चिमटा काढतो आणि ते प्रेमात खपून जातं. तेव्हा आमच्या रांगेत कुणाचीही मान खाली गेली नाही. मला त्याचाच त्रास झाला, शेजारी पुतण्या बसला होता.

आता 'स्थळ'. जयंत सोमलकरांचा, मार्च 2025 मध्ये आलेला. शिव्या, मारामारी काही नाही, तरी मला यातला सर्वांत धारदार सिनेमा हाच वाटतो. चंद्रपूरकडचं गाव, बाप कापूस पिकवणारा, मुलगी सविता समाजशास्त्र शिकणारी. पाव्हणे येतात, पुरुष ओळीनं बसतात, तिला समोर बसवतात. नाव काय, शिक्षण काय, उंची किती. ते उठून जातात, दुसरे येतात, पुन्हा तेच. सुरुवातीला मात्र हे सगळं उलटं दाखवलंय: मुलगा समोर बसलाय आणि बायका त्याला विचारताहेत. थिएटर हसतं. सविताच्या पाळीला कुणी हसत नाही.

हा आम्ही कोल्हापूरला जाऊन बघितला. बरोबर बहीण आणि भावोजी होते. परत येताना निपाणी गेली, संकेश्वर आलं, तरी भावोजी गप्प. मग बहिणीकडं न बघताच म्हणाले, "आम्हीबी तुला असंच विचारलं होतं काय गे?"

"उंची नव्हती विचारली," बहीण म्हणाली. "तुमच्या मामानं चालून दाखव म्हटलं होतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे बोलणं त्यांच्यात आधी कधी झालं नव्हतं. पुढं हत्तरगीपर्यंत दोघं बोलत होते, मी मध्ये पडले नाही.

'साबर बोंडं'बद्दल लोक आवाज खाली करून विचारतात. रोहन कानवडेंच्या या सिनेमाला 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवस सुतक पाळतो, नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात, आणि बालपणीचा मित्र बाल्या त्याला पुन्हा भेटतो. दोघांमधलं प्रेम बघायला जड जाईल अशी भीती असणाऱ्यांनी आनंदच्या आईकडं बघावं. तिला मुलाचं सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूनं उभी आहे. अशी आई आपल्या सिनेमात मी फार कमी बघितली. आपल्या गावांतही असे मुलगे आहेत आणि दर लग्नसराईत ते तेच टुमणं ऐकतात.

पोरांचं म्हणाल, तर सर्टिफिकेट बघत जा. 2024 च्या अखेरीपासून यूएचे, म्हणजे आईबापांनी ठरवून दाखवायच्या सिनेमांचे, वयाप्रमाणं 7, 13 आणि 16 असे तीन टप्पे झालेत, त्याचा खरंच उपयोग होतो. 'वाळवी' कॉलेजातल्या पोरांबरोबर बघा. बायकोच्या खुनाचा बेत आणि त्यावर हसू, लहानांना ते झेपायचं नाही, पण परेश मोकाशींनी शेवटपर्यंत श्वास घेऊ दिलेला नाही. आजोबांना न्यायचं तर 'दशावतार'. आंबोली घाट उतरला की लागणारा तो तळकोकणचा मुलूख आपल्या ओळखीचा, आणि दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडून त्यात काय उभे राहिलेत!

आणि घरात लग्नाची मुलगी असेल, तर पाव्हण्यांना निरोप धाडायच्या आधी 'स्थळ' बघा. तिच्या बापाला मुद्दाम सोबत न्या.