हॅम्प्टन गे: आधी दप्तर, मग वाडी

पहिल्या खेपेला माझं सगळंच चुकलं. ऑक्सफर्डच्या उत्तरेला, चेरवेल नदीच्या काठी हॅम्प्टन गे नावाची जुनी वाडी आहे एवढं ऐकून, काहीही न वाचता निघाले. फेब्रुवारी महिना, पायात साधे बूट. थ्रप गावाहून कालव्याच्या काठाकाठाने शिप्टनपर्यंतची वाट छान आहे, पण पुढे शेतात उतरले ती घोटाभर चिखलात. पोचल्यावर दिसलं काय, तर कुरणात एकटंच उभं असलेलं चर्च, वेलींनी गिळलेला बिनछपराचा वाडा, मोजकी घरं आणि मेंढ्या. वीस मिनिटांत मागे फिरले.

मग महिनाभर कागद चाळले. सुरुवात 'व्हिक्टोरिया काउंटी हिस्ट्री' या इंग्लंडच्या जिल्हावार इतिहासमालेतल्या ऑक्सफर्डशायरवरच्या सहाव्या खंडापासून करा. 'ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाइन'वर तो फुकट वाचता येतो. नावातला 'गे' हे इथल्या मध्ययुगीन जमीनदार घराण्याचं नाव, हे तिथेच कळतं. पुढे जमीन ओस्नीच्या मठाकडे होती. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले आणि १५४४ मध्ये ती बॅरी कुटुंबाने विकत घेतली. तो पडका वाडा याच बॅरींचा.

बॅरींनी शेतं कुंपणात घेऊन मेंढ्यांना सोडली. लोकरीला भाव होता, आणि मेंढ्या राखायला माणसं लागतात किती? त्यात १५९०च्या दशकात ओळीने पिकं बुडाली, धान्य कडाडलं. नोव्हेंबर १५९६ मध्ये आसपासच्या गावांतल्या काही जणांनी एन्स्लो टेकडीवर जमायचं, कुंपणवाल्या जमीनदारांना मारायचं आणि लंडनवर चालून जायचं असा बेत केला. बॅरींचं नाव यादीत होतं. या कटाचा म्होरक्या बार्थोलोम्यू स्टीअर सुतार होता, आणि बॅरींना आधी खबर देणाराही वाडीतला सुतारच! टेकडीवर प्रत्यक्षात मोजकेच आले. धरपकड झाली, चौकशीला लंडनला नेलं, देहदंडही झाले. पण पुढच्याच पार्लमेंटने कुरणं पुन्हा नांगराखाली आणायचा कायदा केला. चौकशीतल्या जबान्यांचे गोषवारे सरकारी कागदपत्रांच्या छापील सूचीत आहेत, तीही त्याच संकेतस्थळावर. मी रात्री दोनपर्यंत तेच वाचत बसले होते.

स्थानिक लोक मात्र तुम्हाला शापाची गोष्ट सांगतील. २४ डिसेंबर १८७४ ला पॅडिंग्टनहून निघालेली, नाताळच्या गर्दीने भरलेली गाडी इथेच घसरली. एका जुन्या डब्याच्या चाकाची लोखंडी धाव तुटली, पुढून ब्रेक लागले आणि मागचे डबे त्या डब्यावर चढले. ३४ माणसं गेली. वाड्यातल्यांनी जखमींना थारा दिला नाही म्हणून १८८७ मध्ये वाडा जळाला, असं म्हणतात. तेरा वर्षं थांबणारा शाप जरा आळशीच म्हणायचा. अपघाताचा सरकारी चौकशी अहवाल 'रेल्वेज आर्काइव्ह' या संकेतस्थळावर आहे. गोष्ट ऐकण्याआधी तो वाचा.

अस्सल कागदांसाठी ऑक्सफर्डशायर हिस्ट्री सेंटर गाठावं लागतं. ते काउलीत, जुन्या सेंट ल्यूक चर्चच्या इमारतीत आहे. उघडं असण्याचे दिवस आधी बघा, काय पाहायचंय ते कळवून ठेवा, ओळखपत्र न्या. पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. जुनी वही फोमच्या उशीवर ठेवायची आणि पान उलटू नये म्हणून मण्यांची जड माळ वर आडवी टाकायची. तिला तिथे 'साप' म्हणतात. 'साप हवाय का?' असं विचारल्यावर मी क्षणभर दचकलेच.

जनगणनेत नावं १८४१ पासून दर दहा वर्षांनी सापडतात, शेवटची खुली १९२१ ची. १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत गेले, १९४१ ला युद्धामुळे गणती झालीच नाही; ती पोकळी युद्ध सुरू होताच देशभर केलेल्या १९३९ च्या नोंदवहीने थोडी भरते. शोधताना शेजारच्या हॅम्प्टन पॉइलशी गल्लत होते, सांभाळा. दुसऱ्या एखाद्या वाडीवर काम करत असाल तर १८३६ च्या कायद्यानंतर काढलेले टाइथचे, म्हणजे चर्चला द्यायच्या दशमांश कराचे, नकाशे विचारा. सोबतच्या यादीत शेतागणिक मालक, कसणारा आणि जमीन नांगराखाली की कुरणाखाली हे असतं. आपला सातबाराच म्हणा ना. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून बघता येतात. त्यातच मला नदीवरची कागदाची गिरणी सापडली.

एप्रिलमध्ये पुन्हा गेले, संध्याकाळी. उन्हं तिरपी झाली की चर्चभोवतीच्या गवतात उंचवटे आणि चर उठून दिसतात: मोडलेल्या घरांचे चौथरे, बुजलेल्या वाटा. फेब्रुवारीत मी त्यांच्यावरूनच चालत गेले होते. एका चरात वारा चुकवून तीन मेंढ्या बसल्या होत्या, मी जवळ गेले तरी हलल्या नाहीत.

वाडा कुंपणाबाहेरूनच पाहा, भिंती ढासळत्या आहेत. पावसाळी दिवसांत नदी शेतात येते, तेव्हा गमबूट हवेतच. कुत्रा असेल तर साखळीला ठेवा आणि फाटकं लावून घ्या. चहापाणी थ्रपलाच उरका, वाडीत काहीही मिळत नाही.