चढाच्या इंटरव्हलची नोंद: थांबल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट

या वेळी घड्याळातल्या नाडीच्या सरासरीवर न थांबता छातीच्या पट्ट्यातून प्रत्येक दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात उतरवून घेतलं. हे करून बघायचं असेल तर पट्टा ओला करूनच बांधा. मनगटावरचा सेन्सर चढावर, हात जोरात हलत असताना, या कामाला उपयोगाचा नाही.

पुण्यातल्या वेताळ टेकडीचा चढ जोरात पळायचा आणि वर पोचलं की जागीच उभं राहायचं, असं पुन्हा पुन्हा. पहिल्या चढानंतर नाडी १६८ वरून अर्ध्या मिनिटात १४० च्या खाली आली. तिथे आलेखाला स्पष्ट वळण आहे, पुढचा उतार एकदम संथ. मला सगळ्यात जास्त रस या वळणात आहे.

हृदयाच्या वेगावर दोन नसांचा ताबा असतो: नाडी उतरवणारा व्हेगस आणि चढवणारी सिंपथेटिक. दोन्ही नसा बाजूला काढल्या तर सायनस नोडचा (हृदयात ठोका सुरू करणाऱ्या पेशींच्या पुंजक्याचा) स्वतःचा वेग किती, याचं होझे आणि कॉलिसन यांनी १९७० मध्ये दिलेलं सूत्र सोपं आहे: ११८.१ मधून वयाची ०.५७ पट वजा करा. चाळिशीत हे साधारण ९५ येतं. म्हणजे सकाळी उठल्यावर नाडी ५८ असेल, तर बाकीचं सगळं व्हेगसने धरून ठेवलेलं असतं. पळायला लागताच आधी हीच पकड सुटते. शंभरच्या पुढे सिंपथेटिकचा वाटा वाढत जातो.

दोघांच्या वेगात मोठा फरक आहे. व्हेगसच्या टोकातून सुटलेलं ॲसिटाइलकोलिन हे रसायन हृदयाच्या पेशींतल्या पोटॅशियमच्या वाहिन्या जवळजवळ थेट उघडतं, त्यामुळे परिणाम पुढच्या एक-दोन ठोक्यांतच दिसतो. एन्झाइम त्याला लगेच मोडूनही टाकतं. सिंपथेटिकच्या टोकातून सुटणाऱ्या नॉरॲड्रिनलिनचं काम पेशीच्या आतल्या सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूमार्फत चालतं. ते चढायला वेळ लागतो आणि ओसरायलाही.

आता वळणाकडे परत. चढावर थांबले त्या क्षणी नॉरॲड्रिनलिन संपलेलं नव्हतं, हृदयावर त्याचा अंमल चालूच होता. तरी नाडी इतकी झपाट्याने पडली, कारण परतलेला व्हेगस सिंपथेटिकच्या कामातच हात घालतो. ॲसिटाइलकोलिन शेजारच्या सिंपथेटिक टोकांतून नॉरॲड्रिनलिन सुटू देत नाही, आणि जे सुटलंय त्याने पेशीत वाढणारं सायक्लिक एएमपीही दाबतं. मॅथ्यू लेव्ही आणि झिस्के यांनी १९६९ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात हे लख्ख दिसतं. व्हेगस शांत असताना सिंपथेटिक नस सेकंदाला ४ वेळा उद्दीपित केली की नाडी मिनिटाला सुमारे ८० ने वाढायची. व्हेगस सेकंदाला ८ वेळा चालू ठेवला, तर तेवढ्याच सिंपथेटिक उद्दीपनाचा परिणाम जवळपास शून्य! त्यामुळे ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची नेहमीची उपमा मला अपुरी वाटते. इथे ब्रेक दाबला की ॲक्सिलरेटरची तारच सैल पडते. सिंपथेटिक जितकं चढलेलं, तितकी व्हेगसमुळे होणारी नाडीची घसरण मोठी.

उलट्या दिशेचा परिणामही आहे. शेवटच्या चढांनंतर तेच अर्धं मिनिट बरंच आळशी झालेलं दिसतंय. स्नायूंत साठलेल्या पदार्थांमुळे सिंपथेटिक चढंच राहतं आणि रक्तात ॲड्रिनलिनही असतं. शिवाय सिंपथेटिक उद्दीपन जोराचं आणि लांबलेलं असलं की त्याच टोकांतून न्यूरोपेप्टाइड वाय हे आणखी एक रसायन सुटतं आणि ते व्हेगसमधून ॲसिटाइलकोलिन सुटणं बराच वेळ कमी करतं. माझ्या आलेखातल्या आळसात यातल्या कुणाचा किती हात, हे छातीच्या पट्ट्यावरून वेगळं काढता येत नाही.

पुढचा टप्पा: वर पोचल्यावर आलटून पालटून एकदा उभं, एकदा आडवं. आडवं झालं की रक्त हृदयाकडे जास्त परततं, शरीरातले रक्तदाबाचे सेन्सर ताणले जातात आणि व्हेगस लवकर परततो, त्यामुळे वळण आणखी तीव्र यायला हवं. नाडी उतरवायला मानेवरची धमनी दाबून बघू नका, त्याने चक्कर येऊन माणूस पडू शकतो. कुणाकडे चढाच्या इंटरव्हलच्या ठोक्यागणिक फाइल्स असतील तर पहिला आणि शेवटचा चढ एकावर एक ठेवून बघा, आणि वळण कितव्या सेकंदाला येतंय ते कळवा.