बार्शी लाईटचं आमचं ठेसन

रविवार, रात्र

गावात आज ठेसनाचा विषय निघाला. जुन्या इमारतीचे दगड काढून कुणाच्या तरी गोठ्याला लावायचे, असं घाटतंय. सोलापूरला परत येताना डोक्यात तेच होतं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आमचं ठेसन बार्शी लाईटचं, म्हणजे बार्शी लाईट रेल्वे या छोट्या गाडीच्या लाईनीवरचं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचं बार्शी रोड, ते बार्शी अशी ही छोटी लाईन टाकली आणि 1897 मध्ये गाडी सुरू झाली. मोठी लाईन सोलापूरला 1860 मध्येच पोचली होती, पण बार्शीची पेठ तिच्यापासून लांब राहिली. कापूस, धान्य, सगळं बैलगाडीनं जायचं. ‘बार्शी तिथे सरशी’ म्हणायचं आणि रेल्वे मात्र दूर, हे पेठेला परवडणारं नव्हतंच.

मला सगळ्यात भावतो तो कॅलथ्रॉपचा हिशेब. रुळांतलं अंतर फक्त 762 मिलिमीटर, मोठ्या लाईनीच्या निम्म्याहूनही कमी. इंजिन असो की डबा, एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळ चालतात, पूल आणि भराव बेताचे लागतात, खर्च आटोक्यात राहतो. तरीही डबे चांगले ऐसपैस. गरीब मुलखाला परवडेल अशी पण नीट रेल्वे द्यायची, हा विचार त्यामागं होता. आमच्यासारख्या खेड्याच्या वाट्याला फलाट आला तो त्यामुळंच, असं मला मनापासून वाटतं.

पुढं 1906 मध्ये गाडी पंढरपूरला गेली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरची लाईन झाली. आषाढीला डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. 1954 मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली.

नानांना विचारलं, गाडीचं काय आठवतं? म्हणाले, “शेंगांची पोती. मोटरीच्या टपावर पोतं चढवाय दोन गडी लागायचं. हितं दारापाशी नेलं की आतला माणूस वढून घ्यायचा. आन् बाया लेकरं घिऊन निवांत बसायच्या.” मग बराच वेळ बाजारच्या भावांबद्दलच बोलत राहिले.

या छोट्या लाईनीची ब्रॉडगेज, म्हणजे मोठी रुंद लाईन, व्हायलाच हवी होती. कुर्डुवाडीत प्रत्येक पोतं छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवायचं, यात वेळही जायचा आणि हमालीही. 2008 मध्ये लातूरकडची रुंद लाईन पुरी झाली, उस्मानाबाद शहरही रेल्वेवर आलं. त्या शहरानं किती वर्षं वाट बघितली होती! पण आमच्याकडं नवा मार्ग शिवाराच्या कडेनं सरकला आणि ठेसन मागं राहिलं. आता तिकीटखिडकीच्या जागी भोक आहे, फलाटावर बाभळी.

तरी भिंती भक्कम आहेत. छप्पर घातलं तर पोरांना अभ्यासाला बसायला जागा होईल आणि बार्शी लाईटचे जुने फोटोही तिथं लावता येतील. ग्रामसभेत हेच मांडायचं ठरवलंय. नाना सोबत येतो म्हणालेत. त्याआधी ती जागा अजून रेल्वेच्या नावावर आहे का, ते बघून घ्यायला हवं.