घामाचा हिशोब: कोलोनहून खानदेशातल्या ग्राउंडवाल्यांसाठी

जर्मनीत उन्हाळ्यात पारा तिशीच्या आसपास गेला की बऱ्याच शाळा लवकर सुटतात. ‘हित्सेफ्राय’ म्हणतात त्याला, म्हणजे उन्हाची सुट्टी. भुसावळला तीस अंश म्हणजे माघातली दुपार, कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण हसू नका. इथल्या गावोगावच्या ‘फेराइन’मध्ये, म्हणजे आपल्या तालमीसारख्या नोंदणीकृत क्रीडामंडळांत, अशा दिवशी सराव सकाळी हलवतात आणि पाण्याची सुट्टी घड्याळ लावून देतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ वर असताना पोलीस भरतीची पोरं घोटभर पाणी न पिता राऊंड मारतात. का, तर पाणी प्यायलं की दम जातो! हा समज खोटा आहे. पोटात कळ येते ती एकदम अर्धा लिटर ढोसल्यामुळे. दर पंधरा मिनिटांनी दीडशे-दोनशे मिली घेतलं तर बहुतेकांना काही होत नाही.

किती प्यायचं हे दुसऱ्याला विचारू नका, काट्याला विचारा. शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा हवा. घरी नसेल तर केळीच्या वखारीतला इलेक्ट्रॉनिक काटा उत्तम. लघवी करून या, कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर नेहमीचा सराव करा, अंग कोरडं पुसून पुन्हा वजन करा. समजा आधी ६२.० किलो होतं, नंतर ६०.९ भरलं आणि मधे ३०० मिली पाणी प्यायलात. वजन घटलं १.१ किलो, त्यात प्यायलेले ३०० मिली मिळवले की घाम गेला १.४ लिटर. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट झाली की वेग पडतो, नाडी चढते, डोकं जड होतं. ६२ किलोच्या पोराला ही मर्यादा सव्वा किलोची, म्हणजे हा गडी कडेलाच उभा आहे. घटलेल्या वजनाच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत थोडंथोडं घ्यायचं. याच्या हिशोबात दीड लिटरच्या आसपास. एप्रिलमध्ये एकदा आणि जुलैमध्ये एकदा हे मोजा, आकडे वेगळे येतील. आपल्या कोरड्या उन्हात घाम येता येता उडून जातो, त्यामुळे ‘मला घामच आला नाही’ असं वाटतं. बनियनवर पांढरा नकाशा उमटला असेल तर तो मिठाचा आहे.

एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. माणसामाणसात हे अर्धं किंवा दुप्पटही असतं. सरावाला नेण्यासाठी एक लिटर पाण्यात पाव चमचा मीठ, सपाट सहा चमचे साखर आणि अर्धं लिंबू पुरे. चमचा चहाचा, भाजीचा नव्हे. साखर यापेक्षा फार वाढवली की पाणी पोटात रेंगाळतं आणि मळमळ सुरू होते. इथले लोक सफरचंदाच्या रसात दुप्पट मिनरल वॉटर घालून ‘अप्फेलशोर्ले’ पितात. तत्त्व तेच, किंमत वेगळी. (मॅरेथॉनच्या शेवटी इथे बिनअल्कोहोलची गव्हाची बिअरही वाटतात. जळगावात त्याची गरज नाही, मीठ घातलेलं ताक आहे. फक्त ते पळून झाल्यावर, एखाद्या केळ्यासोबत.)

ओआरएस ही वेगळी चीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असतं. ते जुलाबासाठी आहे आणि उन्हात फार घाम गेल्यावरही चालतं. पण एका लिटरची पुडी अख्खी एका लिटरमध्येच कालवायची. अर्धी पुडी एका पेल्यात ओतणारे पुष्कळ आहेत, त्याने तहान आणि उलटी दोन्ही वाढतात.

उलट टोकही आहे. घाबरून चार-चार लिटर साधं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी भरलं होतं, आणि पळताना ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांना धोका सर्वांत जास्त होता. अंगठी घट्ट होणं, डोकं ठणकणं, ओकारी, बडबड ही त्याची लक्षणं. अशा वेळी आणखी पाणी पाजणं म्हणजे आगीत तेल.

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिले चार दिवस निम्म्या वेगाने, वीस-तीस मिनिटं. या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पुण्यात किंवा परदेशात महिनाभर राहिलं तर ही सवय बरीच उतरते. मे महिन्यात सुट्टीवर येऊन दुसऱ्याच दिवशी जुन्या वेगाने पळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता १६०० मीटर. पोलीस भरतीत पाच मिनिटं दहा सेकंद धरून चालायचं तर ४०० मीटरची एक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत बसली पाहिजे. सर्रास होणारी चूक म्हणजे पहिली फेरी पासष्टमध्ये मारायची आणि तिसरीत मरायचं. दुसरी चूक म्हणजे रोज पूर्ण सोळाशेची ट्रायल. त्याने टायमिंग सुधारत नाही, नडगी तेवढी दुखायला लागते. आठवड्यात एकदाच ७६-७७ सेकंदांच्या सहा फेऱ्या, मधे दीड-दोन मिनिटं चालणं. आणखी एक दिवस २०० मीटरचे आठ-दहा तुकडे. बाकी तीन दिवस गप्पा मारता येतील इतकं सावकाश, डांबरीवर नव्हे तर मातीवर. वेळ सूर्योदयाच्या आधीची. संध्याकाळी सहाला जमीन अजून भाजत असते. बारा आठवडे एवढं नेमाने केलं तर टायमिंग उतरतं.

बारा आठवडे नसले की कोणीतरी ‘ती’ बाटली काढतो. मेफेन्टरमाइन. ऑपरेशनच्या टेबलावर पाठीत भूल दिल्यावर उतरलेलं ब्लडप्रेशर वर आणायचं औषध आहे ते. दहा मिलीच्या बाटलीत दर मिलीला ३० मिलिग्रॅम असतं. भूलतज्ज्ञ त्यातले काही मिलिग्रॅम देतो आणि मॉनिटरवरून नजर हलवत नाही. जिममध्ये मॉनिटर नसतो. याने ताकद येत नाही, थकवा कळेनासा होतो. थकवा हा शरीराचा ब्रेक आहे, आणि उन्हात त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. नाडी आणि ब्लडप्रेशर चढतं, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळल्या की आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि पोरगा मात्र ‘मस्त वाटतंय’ म्हणून आणखी एक राऊंड घेतो. पुढे झोप उडते, चिडचिड, संशय, भास, आणि सुईशिवाय पळवेना अशी सवय. एकच सुई चौघांत फिरली की हेपटायटिस आणि एचआयव्ही.

ऊन आणि उत्तेजक औषध हे मिश्रण नवं नाही. १३ जुलै १९६७ ला ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन फ्रान्समधल्या माँ वाँतूच्या चढावर भर उन्हात कोसळला आणि गेला. अंगात अ‍ॅम्फेटामाइन होतं. मेफेन्टरमाइन त्याच घराण्यातलं.

‘मी फक्त पावडर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी कोलोनचाच दाखला. इथल्या क्रीडा विद्यापीठाच्या डोपिंग प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट्स तपासली. त्यातल्या ९४ डब्यांत लेबलवर न लिहिलेले अ‍ॅनाबॉलिक संप्रेरकांचे, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडचे, पदार्थ निघाले. जवळपास १५ टक्के. डब्यावर परदेशी नाव आहे म्हणून विश्वास ठेवणाऱ्याने एवढं वाचावं.

आणखी एक गोंधळ म्हणजे ‘वजन वाढवायच्या गोळ्या’. त्यात बरेचदा डेक्सामेथासोन असतं. तेही स्टेरॉइडच, पण स्नायू बांधणारं नव्हे, उलट झिजवणारं. गाल फुगतात ते पाण्याने आणि चरबीने. एकदम बंद केलं तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (ताण सोसायला लागणारं संप्रेरक) पुरेसं बनवत नाही आणि माणूस कोसळू शकतो, म्हणून डॉक्टरांकडूनच उतरवत न्यायचं. भुकेसाठी सोबत सायप्रोहेप्टाडिन असेल तर त्याने घाम कमी होतो. पंचेचाळीस अंशांत घाम बंद करणारी गोळी! बॉडीवाल्यांच्या टेस्टोस्टेरॉन-स्टॅनोझोलॉल या स्नायू बांधणाऱ्या स्टेरॉइडबद्दल थोडक्यात: चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाची भिंत जाड होते, वृषण आक्रसतात, शुक्राणू घटतात. बंद केल्यावर ते परतायला महिने लागतात, कधी त्याहून जास्त.

ग्राउंडवर कोणी अडखळला, असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघातच धरा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नका. धावपटूला घाम असतानाही तो होतो. तळव्याला कांदा चोळण्यात वेळ घालवू नका, पॅरासिटामॉलही इथे उपयोगाचं नाही. खळ्यावरची ताडपत्री आणा. त्याला मधे झोपवा, चौघांनी कडा उचलून धरा, शंभरेक लिटर पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओता आणि पाणी हलवत राहा. डोकं वर, तोंडात काहीही घालायचं नाही. आधी गार करायचं, मग न्यायचं. हाताशी अर्धा तास असतो. त्याच वेळी एकाने १०८ ला फोन करून ‘चक्कर आली’ न म्हणता ‘उष्माघात, शुद्ध नाही’ असं सांगावं. आणि कोणाला बाटली माहीत असेल तर लाज न बाळगता ती रिकामी बाटली अ‍ॅम्ब्युलन्सच्या डॉक्टरांच्या हातात द्यावी.