बल्लू मास्तर, बल्लू मामा

डिस्नेचा 'द जंगल बुक' हा १९६७चा कार्टूनपट जेमतेम ७८ मिनिटांचा आहे, यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही. मे महिन्यात भाचा राहायला आला की तो सकाळच्या दुधाबरोबर सुरू होतो आणि रात्री मच्छरदाणी लावेपर्यंत चालतो. सलग मात्र कधीच नाही. रिमोट भाच्याच्या हातात, आणि त्याला गोष्टीशी काही देणंघेणं नाही. त्याला गाणी हवीत. खरं तर एकच गाणं. फार धावपळ न करताही आपलं छान भागतं, असं म्हणत बल्लू अस्वल झाडाला पाठ घासतं, ते. संपलं की घे मागे. इंग्रजी शब्द निम्मे चुकीचे, पण सूर पक्का. गाणं लागलं की हा दाराच्या चौकटीला पाठ घासत नाचतो आणि स्वयंपाकघरातून त्याची आजी ओरडते, "अरे, अंगाला तेल चोपडलंय आत्ताच, चौकट काळी होईल!"

थिएटरात गाणं एकदा होतं आणि गोष्ट पुढे सरकते. घरी मात्र पोरं आवडेल तेवढंच ठेवून घेतात. आमच्या घरात शेर खान दोन-दोन दिवस येतच नाही. सिनेमा उरतो तो बल्लूचा.

आणि हा बल्लू मूळ पुस्तकात नाहीच. किपलिंगचं पुस्तक १८९४चं. त्यात बल्लू आहे, पण तो मास्तर आहे. लांडग्यांच्या पिल्लांना जंगलचा कायदा शिकवणारा, पाठांतर घेणारा, चुकलं की चापट मारणारा. एका कथेत तर बघीरा, म्हणजे काळा बिबट्या, त्याला सुनावतो, की तुझ्या या हळुवारपणाने मोगलीचं तोंड सुजलंय. रात्री मी हा भाग वाचून दाखवला, तेव्हा भाच्याने शांतपणे निकाल दिला, "हा बल्लू खोटा आहे."

काय सांगणार? सिनेमावाल्यांनी मास्तरचा मामा करून टाकला होता. आईवडील ज्याला नाही म्हणतात त्याला हो म्हणणारा, स्वतः आळशी, पोट सुटलेला, पोराला पोटावर बसवून नदीत तरंगत जाणारा. बघीरा बिचारा मागे शिस्त सांभाळत राहतो. माझी सहानुभूती कुणाकडे, हे मी मामा असल्यामुळे उघडच आहे.

हे घडलं कसं, ते मजेदार आहे. बिल पीट या पटकथाकाराने आधी पुस्तकाच्या जवळ जाणारी, गडद गोष्ट बांधली होती. वॉल्ट डिस्नेला ती रुचली नाही, खटके उडाले, पीट बाहेर पडला. नव्या मंडळींना डिस्नेने सांगितलं म्हणे, की पुस्तक वाचूच नका! टेरी गिल्किसनने रचलेली गाणीही गेली आणि शर्मन बंधूंनी नवी लिहिली. जुन्यांतलं एकच वाचलं, ते हेच पाठ घासण्याचं. बल्लूची भूमिकाही आधी एवढी मोठी नव्हती. फिल हॅरिसचा ऐसपैस आवाज मिळाला आणि ती फुगत गेली. डिस्ने स्वतः डिसेंबर १९६६मध्ये वारला. पूर्ण झालेला सिनेमा काही त्याने पाहिला नाही.

पुस्तकावर अन्याय झालाय, यात शंका नाही. 'का' नावाचा अजगर पुस्तकात मोगलीला सोडवायला येतो, सिनेमात त्यालाच गिळायला बघतो. माकडांना ना कायदा ना पुढारी, हा किपलिंगचा मुद्दा. इथे त्यांना चक्क राजा आहे आणि तोही ओरांगउटान, बोर्निओ-सुमात्राचा प्राणी. पुस्तकातली टेकडी सिवनीची, नदी वैनगंगा. तीच पुढे भंडारा-गडचिरोलीकडे उतरते. तिच्या काठच्या माणसाने हा ओरांगउटान बघून हसू नये तर काय करावं? किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे. कला शाळेच्या आवारात, वडील तिथे शिकवत म्हणून. आणि मोगली लिहिला अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये. तेव्हा या पोराचा गाव एकच असा कधी नव्हताच. माझ्या पिढीचा तर तो रविवारी सकाळी दूरदर्शनवर, जपानी चित्रांतून आणि गुलजारांच्या गाण्यातून आला. त्यातला शेर खान नाना पाटेकरांच्या आवाजात बोलायचा. तो आवाज ऐकल्यावर डिस्नेचा सुसंस्कृत वाघ मला अजूनही जरा सौम्यच वाटतो.

पण गाण्यांचं म्हणाल, तर ती किपलिंगकडेही आहेत. जवळजवळ प्रत्येक कथेमागे एक कविता आहे. लांडग्यांचं शिकारगीत, माकडांच्या वाटेचं गाणं, खुद्द मोगलीचं गाणं. एक-दोन मी भाच्याला मोठ्याने म्हणून दाखवली. ठेका पकडला त्याने लगेच. पण त्यावर पाठ घासता येईना.

सिनेमाचा शेवट परवा कुठे आम्ही पाहिला. नदीवर पाणी भरायला आलेली मुलगी गाते, मोगली तिच्यामागे गावात निघून जातो. बघीराला बरं वाटतं, बल्लूला नाही.

"मामा, हा परत कधी येतो?"

"सिनेमा संपला रे."

"मग घे मागे," म्हणत त्याने माझी वाट न बघता स्वतःच घेतलं.